मनाचा विषय कोणाकडे

पहिला नंबर ही फार वाईट खोड आहे. मला ती पहिलीत लागली आणि मी पाचवीत जाईपर्यंत आमचं अख्खं घर तिच्या नादी लागलं होतं.

बाबा मंडळाच्या दफ्तरात कारकून होते. तालुक्यांचे तुकडे करून सरकारनं मंडळं केली त्याला फार दिवस झाले नव्हते. दफ्तराच्या भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा आणि कुठलं काम कोणाचं हे साहेबापासून शिपायापर्यंत कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आमचे आजोबा सालदार, म्हणजे सालभराच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबणारे. त्यांच्या मुलाला टेबल-खुर्ची मिळाली तेव्हा आमच्या विहारात पेढे वाटले होते म्हणे. आता त्या मुलाच्या मुलीनं कुठवर जायचं हे बाबांनी मनात ठरवून ठेवलं होतं. मला त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचे त्यावरून मला कळायचं.

आमचं गाव सरहद्दीवरचं, त्यामुळे शाळा मराठी आणि साहेब लोक तेलुगू. आदिलाबादहून, म्हणजे जिल्ह्याच्या गावाहून, कोणी अधिकारी आला की चहाच्या आधी मला बोलावणं यायचं. तेलुगूच्या पुस्तकातलं एक लांबलचक जुनं पद्य मला तोंडपाठ होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, मराठी मुलगी आणि तोंडातून घडाघडा जुनी तेलुगू! आलेले साहेब खूश व्हायचे. ते खूश झाले की एम.डी.ओ. साहेब, म्हणजे मंडळाचे विकास अधिकारी, बाबांकडे बघून मान हलवायचे. मला त्या पद्यातलं अर्धंही कळत नव्हतं. पोपटाला निदान मिरची तरी मिळते. माझ्या डोक्यावरून नुसता हात फिरायचा.

आणि त्या वर्षी मला झोप येईनाशी झाली होती. अंथरुणाला पाठ टेकली की मनात पद्य सुरू व्हायचं. एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणता म्हणता बोटं आपोआप डाव्या भुवईकडे जायची आणि एकेक केस उपटत बसायची. दिवाळीला भुवई निम्मी उरली होती, संक्रांतीपर्यंत तीही गेली. आईला वाटलं, अंगात उष्णता वाढली. तिनं डोक्याला एरंडेल चोळलं, सब्जाचं पाणी पाजलं. शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "नजर लागली पोरीले. पोरीच्या जातीनं एवढं घडाघडा बोलाचं नसते." शेवटी आई रोज सकाळी काजळाच्या बोटानं मला भुवई काढून द्यायला लागली. ती घाईत असली की भुवई जरा वर जायची आणि मग दिवसभर मी सगळ्या वर्गाकडे संशयानं बघतेय असं दिसायचं.

झोपेचं मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. आमच्या गावात माणूस शहाणा असायचा नाहीतर येडा असायचा. मधली जागाच नव्हती. पहिल्या नंबरची पोरगी येडी निघाली तर मला पुढच्या बाकावरून उठवतील, हे एक झालं. पण त्याहून मोठी भीती बाबांची होती. साहेबांसमोर त्यांची मान खाली गेली असती.

अशात जिल्ह्याहून हुकूम आला. शाळेतल्या मुलांचं मानसिक आरोग्य तपासायचं, प्रत्येक मंडळात एक शिबिर घ्यायचं, डॉक्टर जिल्हा पाठवील, बाकी सगळी जबाबदारी मंडळाची. त्यावर एम.डी.ओ. साहेबांनी बैठक बोलावली. बाबा घरी येऊन सगळ्यांच्या नकला करत दफ्तराच्या गोष्टी सांगायचे, त्यामुळे ती बैठक मी स्वतः बघितल्यासारखी मला आठवते.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे मलेरिया, जुलाब आणि नसबंदी. मन आमच्याकडे येत नाही."

आमचे हेडसर म्हणाले, "शाळेकडं अभ्यासक्रम. अभ्यासक्रमात मनाचा धडा नाही."

सरपंच म्हणाले, "पंचायतीकडं नाल्या अन् दिवे. मन नालीत तुंबलं असंल तं सांगा, मानूस पाठवतो."

बराच वेळ असा चेंडू फिरला. शेवटी मुलं शाळेनं द्यायची, मांडव पंचायतीनं द्यायचा आणि डॉक्टरांची पेटी उचलायला दवाखान्यानं माणूस द्यायचा, एवढं ठरलं. राहता राहिला मूळ विषय. तो कोणाच्या टेबलावर ठेवायचा? एम.डी.ओ. साहेबांनी कंटाळून इकडेतिकडे पाहिलं. सगळे खिडकीबाहेर बघत होते, एकटे बाबा मान खाली घालून बैठकीचा वृत्तांत लिहीत होते. झालं. विषय बाबांच्या टेबलावर गेला.

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. बाबा फुशारले. त्यांनी नवी मिसल उघडली (फाईलला ते मिसलच म्हणायचे), तिला लाल फीत बांधली आणि घरी आल्या आल्या आईला सांगितलं, "आता मंडळातल्या समद्या लेकरायचं मन माह्याकडं आलं."

आई चुलीपाशी होती. "आलं तं येऊ द्या. थोडं सरका, दाळ लागून राह्यली."

बाबांनी दवंडीसाठी चांगला शुद्ध मजकूर लिहून दिला. पण आमच्या कोतवालाचं स्वतःचं मत होतं की लोकांना समजेल असं बोलावं. त्यानं डफडं वाजवून गावभर हाळी दिली, "ज्याचं लेकरू डोक्यानं कमी असंल त्यानं शायेत आनावं होऽऽ! डॉक्टर येऊन राह्यला होऽऽ!"

संध्याकाळी आमच्या अंगणात बायांची ही गर्दी! एकीनं पदर खोचला होता. "माह्या पोराले कमी म्हनता? अवो, तो बैलाचे दात पाहून वय सांगते! तुमच्या दफ्तरात हाय का कोनी असा?" बाबा हात जोडून सगळ्यांची समजूत घालत होते. कोतवाल एका कोपऱ्यात उभा राहून शांतपणे म्हणाला, "मानसिक म्हनलं तं कोनाले समजते बाप्पा? मी सोपं करून सांगतलं."

आता कुठलेच आईबाप मूल पाठवीनात. शिबिर तोंडावर आलं आणि बाबांच्या मिसलीत एकही नाव नव्हतं. तेव्हा हेडसरांनी शाळेची रीत पुढे केली.

ती रीत अशी. तपासणीला कोणी येणार असलं की हुशार मुलं पुढच्या बाकांवर बसवायची. बाकीच्यांना शिपायाबरोबर मागच्या दारानं तळ्यावर पाठवायचं. साहेबांना शाळा दाखवायची म्हणजे हुशार पोरं दाखवायची, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पाहुण्याला आपण चांगलंच ताट वाढतो ना, तसं. आणि डोक्याची तपासणी म्हटल्यावर तर बोलायलाच नको. "चांगली डोकी पुढं ठेवू," हेडसर म्हणाले, "जिल्ह्यात नाव होईल मंडळाचं." आणि बघता बघता वारं फिरलं. हुशार मुलांचीच डोकी बघणार म्हटल्यावर तेच आईबाप शाळेत येऊन हेडसरांना गळ घालायला लागले, "सर, आमच्याबी पोराचं पाहून घ्या ना." बैलाचे दात बघणाऱ्याची आई सगळ्यात आधी आली. पण त्याचा नंबर बराच खाली होता, त्यामुळे तो तळ्याच्या तुकडीत गेला.

मग सराव सुरू झाला. डॉक्टर काय विचारतील याचा अंदाज हेडसरांनीच बांधला होता.

"भीती वाटते का?"

"नाही सर!"

"उगाच रडू येतं का?"

"नाही सर!"

"रात्री झोप लागते का?"

"हो सर!"

या शेवटच्या उत्तराला माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. हेडसर इतरांना म्हणायचे, "असं बोला. हिच्यासारखं."

शिबिराच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पंचायतीनं मांडव दिला तो सरपंचांच्या पुतण्याच्या लग्नातला, अजून न सोडलेला. कागदी फुलांच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि डॉक्टरांना बसायला नवरदेवाची लाल मखमली खुर्ची ठेवली होती. डॉक्टर किडकिडीत, चष्मेवाले, तेलुगू माणूस. दुसरीकडून जिल्ह्यानं थोड्या दिवसांसाठी उसने आणलेले. आदल्या दिवशी गुडीहत्नूरच्या बाजूला असंच शिबिर घेऊन ते आले होते, दमलेले दिसत होते. नवरदेवाच्या खुर्चीत टेकून त्यांनी तेल लावून चापून बसवलेल्या आमच्या ओळी पाहिल्या आणि आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत विचारलं, "इनमें तकलीफ किसको है?"

हेडसर हात चोळत म्हणाले, "किसीको नही साहब. सब होशियार है."

"फिर मेरेकू कायको बुलाया?"

आता हेडसरांनी बाबांकडे बघितलं. बाबा पाण्याची सुरई घेऊन उभे होते. ते नम्रपणे म्हणाले, "आपनेच हुकूम भेजा साहब. हमने तामील किया."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तळ्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू येत होता. बाकीची मुलं कोणाच्या तरी म्हशी पाण्यात घालून मजेत डुंबत होती. "वो कौन बच्चे हैं?" त्यांनी विचारलं. "वो... बाहर के है साहब," हेडसर म्हणाले. त्या बाहेरच्या मुलांत एक पोरगा होता, तो त्याची माय गेल्यापासून कोणाशी अवाक्षर बोलत नव्हता. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्याला कोणी पुढे आणलं नाही. डॉक्टरांनी नंतर त्या मुलांना बोलावणं धाडलं, तोवर ती पांगून घरी गेली होती. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

विषय बदलायला हेडसरांनी हुकमाचं पान काढलं, म्हणजे मला. मी मांडवाच्या मध्ये उभी राहिले आणि पद्य सुरू केलं. डॉक्टरांची भाषा तेलुगूच, त्यामुळे पहिल्या ओळीला ते नीट सरसावून बसले. मला वाटलं, आवडलं. मी आणखी जोरात म्हणायला लागले. कपाळावरून घाम निथळत होता आणि त्याबरोबर माझी डावी भुवई गालावर उतरत होती, हे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. पद्य संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं, स्वतःच्या रुमालानं माझा गाल पुसला आणि भुवईच्या जागेकडे बघत हळू विचारलं, "नींद आती क्या, बेटा?"

"हो सर!" मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "सच्ची?"

सरावात हा दुसरा प्रश्न नव्हता. इतके महिने मी जे दाबून ठेवलं होतं ते एका शब्दापुढं टिकलं नाही. "नाही सर," मी म्हणाले, "येतच नाही." आणि मी हमसून हमसून रडायला लागले. कागदी फुलांच्या मांडवात, भर दुपारी, पाठवणीच्या नवरीसारखी.

हेडसर कळवळून म्हणाले, "साहब, ये तो पहिला नंबर है!"

"मालूम है," डॉक्टर म्हणाले. "इसीलिए तो." मग त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की गोळीचं काम नाही, बोलावं लागेल, पुन्हा पुन्हा बोलावं लागेल. येत्या गुरुवारी मुलीला आदिलाबादला घेऊन या. बाबा "जी साहब" म्हणाले. सुरई त्यांच्या हातात तशीच होती आणि त्यांची मान खाली गेली होती. ज्याला मी वर्षभर भीत होते ते माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि ते मीच केलं होतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

दफ्तरात लोकांनी बाबांची यथेच्छ चेष्टा केली. अख्ख्या मंडळात एक रोगी निघाला आणि तो विषय सांभाळणाऱ्या कारकुनाच्या घरचा! "जवाबदारी असावी तं अशी," म्हणायचे. "मरीजबी घरूनच दिला." त्या दिवसांत बाबांनी घरी एकही नक्कल केली नाही. मी पुस्तकात तोंड घालून बसायची. आई दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची.

गुरुवारी आम्ही सकाळच्या बसनं आदिलाबादला गेलो. बाबांनी ठेवणीतला टेरीकॉटचा शर्ट घातला होता आणि काखेत मिसल होती. अख्ख्या रस्त्यात ते माझ्याशी एवढंच बोलले, "खिडकीतून हात काढू नको."

ज्या इमारतीत यायला सांगितलं होतं तिथं त्या खोलीला कुलूप होतं. डॉक्टरांना उसनं आणायची मुदत संपली होती आणि ते आपल्या मूळ जागी परत गेले होते. त्यांच्या जागी कोण? बाबा एका खिडकीशी गेले. तिथल्या माणसानं तेलुगूत सांगितलं, हे शिक्षणाकडे आहे. शिक्षणाच्या खिडकीत उर्दूत उत्तर मिळालं की हे तो सेहत का मामला है. सेहतवाल्यांनी वरच्या मजल्यावर पाठवलं. वरचा माणूस मराठी निघाला, बाबांना हायसं वाटलं. त्यानं प्रेमानं बसवून घेतलं, मिसल उलटून पाहिली आणि बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा, साफ लिहून हाय. शिबिरानंतरची समदी जवाबदारी मंडळाची. तुमच्या मंडळात हा विषय कोनाकडं हाय?"

बाबा म्हणाले, "माह्याकडं."

"मंग तुमीच पाहा ना," तो माणूस म्हणाला आणि दुसऱ्या कागदाकडे वळला.

दुसरा कोणी चिडला असता, निदान पुटपुटला असता. पण बाबांनी जन्मात वरून आलेला हुकूम टाळला नव्हता. ते मला घेऊन खाली आले. अंगणात निंबाखाली एक बाक होता, त्यावर त्यांनी मला बसवलं. शेजारी स्वतः बसले. मिसल मांडीवर ठेवली आणि दफ्तरात खाकरायचे तसे खाकरले.

"हां. बोल."

"काय बोलू?"

त्यांनी मिसलीची लाल फीत सोडली आणि पुन्हा बांधली. "झोप काऊन येत नाही तुले?"

"एक शब्द चुकला का पहिल्यापासून म्हणा लागते."

"कोन म्हनते, म्हना लागते?"

"कोणीच नाही."

"अन् चुकली तं काय होईल?"

माझं बोट भुवईच्या जागेवर गेलं. मग सांगून टाकलं, "तुमी मान खाली घालसान. साहेबायच्यासमोर."

बाबांची मान खाली गेली. लगेच त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ती इतक्या झटक्यानं वर केली की मला हसूच आलं. तेही कसंनुसं हसले. मग म्हणाले, "मी रोज चुकतो. साहेब माह्या इंग्रजी मसुद्यात अशा लाल रेघा मारते का कागद कुंकवात बुडवला वाटते. घरी येतो, जेवतो अन् झोपतो."

"तुमाले वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. पन झोपबी येते."

हे मला फार नवीन होतं. वाईट वाटणं आणि झोप येणं एकाच माणसाला जमतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा जरा वेळानं म्हणाले, "आता म्हन ते पद्य. मनानं चुक त्याच्यात. पाहू काय होते ते."

मी म्हणायला लागले. पहिल्यांदा एक शब्द खाल्ला आणि चोरून वर पाहिलं. बाबा मान डोलवत होते. मी अख्खी ओळ खाल्ली. मग मधलं शेवटी, शेवटचं मधे, वाटेल तसं म्हटलं. बाबा आपले डोलतायत.

"बाबा, मी चुकून राह्यली ना!"

"चुकली? कुठं?" ते खरंच गोंधळले होते. मग ओशाळून म्हणाले, "मले दफ्तरातली तेलुगू येते गं. हे जुनं कोनाले समजते? मले कदीच नाही समजलं. तुह्यं तोंड हलते तेवढं पाहतो मी, अन् मले लय बरं वाटते."

ज्यांच्यासाठी मी वर्षभर एकेक शब्द जपत जागी राहिले, त्यांना त्यातला एकही कळत नव्हता. मला त्या क्षणी बाबांचा भयंकर राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. पण दोन्ही करायच्या आधीच मला झोप आली. अशी तशी नाही, कोणीतरी पोत्यात घालून बांधावं तशी. मी बाकावर आडवी झाले आणि डोकं बाबांच्या मांडीवर टाकलं. मिसल त्यांनी कधी बाजूला काढली मला कळलं नाही.

मधे एकदा जाग आली. उन्हं उतरली होती, दफ्तरातली माणसं सायकली काढून घरी निघाली होती. बाबा तसेच ताठ बसले होते. बहुधा पाय बधिर झाला असावा, कारण चेहरा वाकडा झाला होता. मी घाबरून विचारलं, "बाबा, आपली बस?"

"झोप तू," ते म्हणाले. "अजून एक हाय."

मी पुन्हा झोपले. आमच्या गावाला जाणारी शेवटची बस केव्हाच सुटली होती. आणि हे मंडळात कोणाला पक्कं ठाऊक असेल तर ते बाबांनाच, कारण दफ्तराच्या भिंतीवर बसचं वेळापत्रक त्यांनीच लिहिलं होतं.